उघड्या आकाशाखाली ‘हेन्री द फिफ्थ’: खरा अंधार हवा की शब्दांतला?

सांजवेळ

गेल्या शनिवारी इथे इंग्लंडमध्ये एका जुन्या मठाच्या पडक्या भिंतींसमोरील हिरवळीवर शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या ऐतिहासिक नाटकाचा प्रयोग पाहिला. नाटक करणारी मंडळी फिरती होती. नट अवघे आठ आणि भूमिका चाळिसाच्या घरात. रंगमंच म्हणजे फळ्यांचा एक चौथरा, त्यामागे दोन खांबांवर ताणलेले मळकट कापड आणि कपडे बदलण्यासाठी बाजूला एक तंबू. पडदा नाही, विंगा नाहीत, ध्वनिक्षेपकही नाही. नाटक साडेसातला सुरू झाले तेव्हा चांगला उजेड होता. मध्यंतरानंतर चौथा अंक उघडला तेव्हा सव्वानऊ होत आले होते, आणि जुलैत इथे सूर्य साधारण त्याच सुमारास मावळतो.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की चौथा अंक ॲजिनकोर्टच्या लढाईच्या आदल्या रात्रीपासून सुरू होतो. लढाई झाली २५ ऑक्टोबर १४१५ रोजी. फ्रान्समधील हार्फ्लर बंदराच्या वेढ्यात रोगराईने खंगलेले राजा पाचव्या हेन्रीचे इंग्रज सैन्य कॅलेकडे परतत असताना त्याची वाट अडवून उभ्या असलेल्या, संख्येने कितीतरी मोठ्या फ्रेंच सैन्याशी त्याची गाठ पडते. अंकाच्या आरंभी सूत्रधार येतो आणि प्रेक्षकांना रात्र कल्पायला सांगतो. दोन्ही छावण्यांची कुजबुज इतकी जवळ, की पहारेकऱ्यांना जणू एकमेकांचे बोलणे ऐकू यावे, शेकोटीला शेकोटीचे उत्तर, घोड्यांचे खिंकाळणे, सरदारांच्या चिलखतांचे खिळे ठोकणाऱ्या लोहारांच्या हातोड्या. हे सारे वर्णन चालू असतानाच आमच्या डोक्यावरचे आकाश खरोखर निळ्याचे करडे होत होते. पुढे दुसऱ्या प्रवेशात ग्रांप्रे हा फ्रेंच सरदार इंग्रजांची टवाळी करतो, की ही माणसे आताच मेल्यात जमा आहेत आणि वर कावळे अधीर होऊन घिरट्या घालत आहेत. तो ते वाक्य बोलत असताना मठामागच्या झाडांवर वस्तीला परतणारा डोमकावळ्यांचा मोठा थवा कलकलाट करीत आमच्यावरून गेला. नटाने मान वर केली, थवा जाईपर्यंत थांबला आणि मगच पुढचे वाक्य घेतले. सबंध हिरवळीवर कोणी हलले नाही.

घरी परतताना मात्र मनात एक शंका आली आणि तिच्यासाठीच हा धागा काढला आहे. निसर्गाने रात्र आणून दिल्यावर सूत्रधाराच्या त्या तीसचाळीस ओळींना काम काय उरले? ज्या नाटकाचा आरंभच ‘आमच्यापाशी काही नाही, तुम्हीच कल्पना करा’ अशा विनवणीने होतो, त्याला खरा अंधार मिळणे हे वरदान म्हणायचे की नाटकाच्या कामात केलेली ढवळाढवळ?

काठावरचा

मी हाच अंक नेमका उलट परिस्थितीत पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी लंडनच्या ग्लोबमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या काळच्या नाट्यगृहाच्या नव्याने बांधलेल्या प्रतिकृतीत, दुपारी दोनच्या प्रयोगाला, अंगणात उभे राहून. ऊन असे, की लाकडी कठड्यावर हात ठेववत नव्हता. आणि तरीही सूत्रधाराने रात्र म्हटल्याबरोबर आजूबाजूची माणसे आवाज न करता एकमेकांच्या जवळ सरकली. मी स्वतः खांदे आखडून उभा होतो, हे मला नंतर लक्षात आले.

मूळ प्रयोगही असेच दिवसाउजेडी होत. १५९९च्या सप्टेंबरात थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी थेम्सपलीकडच्या गवताने शाकारलेल्या नाट्यगृहात ‘ज्युलियस सीझर’ पाहायला गेला होता आणि प्रयोग दुपारी दोनच्या सुमारास झाल्याची नोंद त्याने केलेली आहे. उभे राहायला एक पेनी, बसायला आणखी एक, आणि गादीसह चांगली जागा हवी तर तिसरी, हे दरही त्यानेच लिहून ठेवले आहेत. म्हणजे ‘हेन्री द फिफ्थ’ ज्या वर्षी लिहिले गेले असे मानतात, त्याच वर्षाची ही गोष्ट. नाटककाराला संध्याकाळ उपलब्धच नव्हती. त्याने ती शब्दांनी पाडली.

आजचा ग्लोब १९९७ साली सुरू झाला, तोही याच नाटकाने. सॅम वानामेकर या अमेरिकन नटाने त्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ खटपट केली आणि उद्घाटनाच्या आधीच, १९९३ साली, तो वारला. तिथे रात्रीच्या प्रयोगालाही दिवे असे लावतात, की प्रेक्षक आणि नट एकाच उजेडात असावेत. म्हणजे खरा अंधार असतानासुद्धा तो मुद्दाम बाहेर ठेवला जातो. मला वाटते आपल्या शंकेचे उत्तर त्या व्यवस्थेत आहे. अंधार पाडणे हे या नाटकात प्रेक्षकाचे काम आहे आणि ते त्याच्याकडून काढून घेऊ नये.

अरसिक_नंबर_१

मी अशा एका हिरवळीवरच्या प्रयोगाला दोन तास बसलो आणि निम्मे शब्द ऐकू आले नाहीत, तेव्हा माझ्यापुरता प्रश्न उजेड-अंधाराचा नाहीच. वारा उलटा असला की नट ओरडतात, ओरडले की शब्दांचे अर्थ सपाट होतात. त्यात पहिल्याच अंकात तो आर्चबिशप फ्रान्सच्या गादीवरील हक्काबद्दल साठेक ओळींचे वंशावळीचे भाषण देतो. स्त्रीकडून आलेला वारसा नाकारणारा सॅलिक कायदा, मग जुने फ्रेंच राजे, कुठला पेपिन, कुठला ह्यू कॅपे. बंद नाट्यगृहात ते सहन होते, कारण निदान पाठ टेकलेली असते.

सांजवेळ

अरसिक यांची तक्रार खरी आहे आणि ती बसण्याच्या जागेशी फार निगडित आहे. गवत आवाज गिळते. आमच्या मागे मठाची दगडी भिंत होती आणि तिच्याजवळ बसलेल्यांना पुढच्यांपेक्षाही स्पष्ट ऐकू येत होते. हा शोध मला माझ्या चुकीमुळे लागला. सतरंजीवाले पुढे, बुटक्या खुर्च्यांचे त्यांच्यामागे आणि उंच खुर्च्यांचे सर्वांत मागे, असा इथला रिवाज असतो. मी उंच पाठीची खुर्ची घेऊन मध्येच ठाण मांडले होते. मागच्या आजींनी अत्यंत सौजन्याने विचारले, की मी नाटकात काम करतो आहे काय. उठून मागे गेलो.

आर्चबिशपच्या भाषणाबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. ते एवढे गुंतागुंतीचे विवेचन संपवताना, हे सारे उन्हाळ्यातल्या सूर्यासारखे स्वच्छ आहे, असे तो म्हणतो. त्या ओळीवर कुठेही हशा येतोच. आमच्याकडे नेमकी त्या वेळी पावसाची भुरभुर चालू होती आणि दीडदोनशे माणसे प्लास्टिकच्या टोप्या चढवून बसली होती. नटाने ‘सूर्य’ म्हणण्याआधी तळहात पसरून दोन थेंब झेलले, ते पाहिले, हात झग्याला पुसला आणि गंभीरपणे वाक्य पूर्ण केले. चारशे वर्षांपूर्वीच्या विनोदाला इतका मनमोकळा हशा मी दुसरा ऐकलेला नाही. राजाला युद्धासाठी कायदेशीर सबब पुरवणारी धर्मसत्ता त्या एका हाताच्या हालचालीत उघडी पडली.

मोडीवाचक

संहितेच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली अशी, की १६०० साली छापलेल्या छोट्या प्रतीत सूत्रधाराची भाषणे मुळीच नाहीत. ती आपल्याला मिळतात शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या मोठ्या संग्रहात. तेव्हा सूत्रधाराविना हे नाटक उभे राहू शकते, हे त्या काळी कोणाला तरी वाटले असावे. आपल्या संगीत नाटकांतला सूत्रधार नांदी झाली, नटीशी चार वाक्ये बोलून झाली, की निघून जातो. हा मात्र प्रत्येक अंकाआधी येतो, शेवटी पुन्हा येतो आणि दर खेपेला काही ना काही क्षमा मागतो. चौथ्या अंकाआधी तर तो सरळ सांगतो, की चारपाच गंजक्या तलवारींच्या हास्यास्पद झटापटीने आम्ही ॲजिनकोर्टच्या नावाला बट्टा लावणार आहोत. गंमत ही, की पुढे तेवढीही झटापट संहितेत येत नाही. रणांगणावर प्रत्यक्ष समोरासमोर गाठ पडते ती फक्त पिस्टल या भुरट्याची आणि त्याच्या हाती लागलेल्या एका घाबरट फ्रेंच शिपायाची. ज्या धनुर्धाऱ्यांमुळे ती लढाई इतिहासात गाजली, त्यांचा तर लढाईच्या प्रवेशांत पत्ताच नाही. तेव्हा मोकळी हिरवळ मिळाली म्हणून घोडे दौडवावेत, असा मोह कोणाला झाला, तर त्याने आधी ही संहिता बाजूला ठेवावी लागेल.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सूत्रधार जे सांगतो आणि पुढच्या प्रवेशात जे घडते, त्यांत मेळ नाही. तो सांगतो, की राजा रात्री छावणीभर हिंडला, हसतमुखाने प्रत्येकाला भाऊ, मित्र, देशबंधू म्हणाला आणि त्याच्या दर्शनाने थिजलेल्या शिपायांना ऊब आली. प्रत्यक्षात आपण काय पाहतो? राजा सर थॉमस अर्पिंगहॅमचा झगा मागून घेतो, त्यात तोंड लपवतो आणि मायकेल विल्यम्स नावाच्या साध्या शिपायाशी त्याचे कडाक्याचे भांडण होते. लढाईचे कारण न्याय्य नसेल, तर तुटलेले हात, पाय आणि मुंडकी कयामतीच्या दिवशी एकत्र येऊन राजाकडे हिशेब मागतील, असे विल्यम्स त्याच्या तोंडावर सांगतो, आणि तो राजा आहे हे त्याला ठाऊक नसते. भांडण मिटत नाही. दोघे ओळखीसाठी हातमोजे बदलतात आणि जगलो वाचलो तर मारामारी करू, असे ठरवून वेगळे होतात.

आता उजेडाचा प्रश्न या प्रवेशाला लावून पाहावा. सूत्रधाराचे शब्द रात्र पाडतात खरे, परंतु विल्यम्सला राजा ओळखू येत नाही, यासाठी लागणारी रात्र कोणती?

काठावरचा

हे मी असे पाहिलेले नव्हते. भर दुपारी आम्हाला राजाचा चेहरा पूर्ण दिसत होता आणि विल्यम्सला दिसत नव्हता. म्हणजे आम्ही राजाच्या गुपितात सामील होतो. विल्यम्स एकेक वाक्य बोलत होता आणि आम्ही राजाच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, विल्यम्सकडे नाही.

सांजवेळ

मोडीवाचक यांच्या प्रश्नाने माझा शनिवार माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या प्रयोगात त्या वेळी चौथऱ्यावर केवळ एक कंदील होता आणि तो शिपायांच्या पायाशी ठेवलेला होता. राजा मागून आला, झग्याची टोपी पुढे ओढलेली. आठच नट असल्यामुळे तोच झगा आधीच्या प्रवेशांत दोनतीन जणांनी वापरलेला होता. क्षणभर, आणि हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो, आलेला माणूस कोण आहे हे मला कळले नाही. आवाजावरून ओळखला. तोवर विल्यम्स बोलू लागला होता आणि कंदिलाचा उजेड त्याच्याच तोंडावर होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. राजा अंधारातून उत्तरे देत होता, बाप मुलाला व्यापारासाठी पाठवतो आणि मुलगा पापे करून बुडतो तर बापाचा काय दोष वगैरे, आणि ती उत्तरे मला वकिली वाटली. हाच युक्तिवाद मी वाचला होता तेव्हा पटला होता.

म्हणजे काठावरचा यांना दुपारच्या उन्हाने राजाच्या बाजूला उभे केले आणि मला खऱ्या संधिप्रकाशाने विल्यम्सच्या शेजारी बसवले. संहिता तीच, शब्द तेच. तेव्हा निसर्गाचा अंधार ही निव्वळ सजावट होती, असे मी आता म्हणणार नाही. मात्र ती ढवळाढवळ होती, हे मान्य करतो, कारण नाटककाराने ज्या प्रेक्षकासाठी लिहिले त्याला राजा दिसत होता.

रानजाई

चर्चा उत्तम चालली आहे. मध्येच एक व्यवहारातला प्रश्न विचारते, त्याबद्दल क्षमस्व. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला अशा प्रयोगाला न्यावे का, आणि नेल्यास काय बरोबर ठेवावे?

काठावरचा

रानजाई, अवश्य न्यावे. आधी गोष्ट सांगून ठेवा, विशेषतः राजा तरुणपणी फॉल्स्टाफ या मद्यपी सरदाराच्या टोळक्यात होता हा मागचा भाग, म्हणजे त्याच टोळक्यातल्या बार्डोल्फला चर्चमधील चोरीसाठी फाशी होते आणि राजा जुनी ओळख दाखवत नाही, त्या प्रसंगाचे वजन तिला कळेल. राजकन्या कॅथरीन इंग्रजी शब्द शिकते तो फ्रेंचमधला प्रवेश आणि फ्लुएलन हा वेल्श कप्तान पिस्टलला बळेच कच्ची लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) खायला लावतो तो प्रवेश मुलांना हमखास आवडतो. ग्लोबच्या अंगणात बसू देत नाहीत आणि छत्री उघडू देत नाहीत. तिथे नेणार असाल, तर तीन तास उभे राहण्याची तयारी हवी, नाहीतर सज्जातले बाक घ्यावेत. हिरवळीवर गरम कपडे लागतातच. सूर्य गेला, की दव पडते आणि सतरंजी खालून ओली होते, तेव्हा खाली प्लास्टिक अंथरा.

अरसिक_नंबर_१

आणि डास मारण्याचे मलम. तेवढे माझे योगदान.

एक गंभीर मुद्दाही आहे. ही उन्हाळी संध्याकाळ, सहलीचे डबे, हास्यविनोद, यांत युद्धकैद्यांच्या कत्तलीचे काय करतात? चौथ्या अंकात राजा कैदी मारायचा हुकूम देतो. बहुतेक ठिकाणी ते वाक्य गाळतात, असे माझे निरीक्षण आहे. १९४४ साली, युद्ध चालू असताना, लॉरेन्स ऑलिव्हिएने काढलेल्या चित्रपटातही ते नव्हते. ते गाळले, की उरते ती देशप्रेमाची जत्रा.

मोडीवाचक

अरसिक यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि नाव बदलण्याचा त्यांनी विचार करावा. हुकुमाची जागा पाहण्यासारखी आहे. फ्रेंचांनी पुन्हा जमवाजमव केल्याचा इशारा ऐकून राजा हुकूम देतो. त्यानंतरच्या प्रवेशात कळते, की फ्रेंचांनी सामान राखणाऱ्या पोरांना ठार मारले, आणि गावर हा कप्तान सांगतो, की म्हणूनच राजाने कैद्यांचे गळे चिरायला लावले. म्हणजे कृती आधी आणि तिचे नैतिक कारण मागून चिकटवलेले. पोरांचा प्रसंग ठेवून हुकूम गाळणे हा तर सरळ अन्याय आहे.

सांजवेळ

आमच्या मंडळींनी हुकूम ठेवला होता. पिस्टलच्या हातातला तो एकुलता एक कैदी, ज्याच्या घाबरण्यावर दहा मिनिटांपूर्वी आम्ही सगळे हसलो होतो, तोच तिथे होता. पिस्टलने राजाकडे पाहिले, कैद्याकडे पाहिले. त्याचे खंडणीचे दोनशे क्राऊन जात होते. मारणे दाखवले नाही, दोघे कापडामागे गेले आणि पिस्टल एकटा परत आला. माझ्या पुढच्या सतरंजीवर कोणीतरी डब्याचे झाकण हळूच बंद केले, तेवढा आवाज मला ऐकू आला. शेवटी सूत्रधार येऊन सांगतो, की या राजाच्या मुलाच्या कारकिर्दीत फ्रान्स हातचे गेले आणि इंग्लंड रक्तबंबाळ झाले, तेव्हा पूर्ण काळोख झालेला होता आणि लोक आपापल्या विजेऱ्या शोधत होते.

त्याच मंडळींचा एक दुपारचा प्रयोग पुढच्या रविवारी शेजारच्या गावात आहे. काठावरचा यांच्या बाजूने एकदा पाहून यावे, असा विचार आहे.

मोडीवाचक

अवश्य जा आणि विल्यम्सकडे पाहण्याचा प्रयत्न करा.

सांजवेळ

जाऊन आलो. कडक ऊन होते, सावलीला जागा नव्हती आणि मी या वेळी बुटकी खुर्ची नेली होती.

सूत्रधाराच्या ओळी मी इतक्या लक्ष देऊन कधीच ऐकल्या नव्हत्या, कारण रात्र मिळण्याचा दुसरा मार्गच नव्हता. ‘शेकोटीला शेकोटी उत्तर देते’ म्हणताना ती नटी एकेका प्रेक्षकाच्या तोंडाकडे पाहत गेली, जणू त्या शेकोट्या आम्हीच होतो. शनिवारी तिला आमची तोंडे धड दिसतही नसावीत.

विल्यम्सच्या प्रवेशात काठावरचा म्हणतात तेच झाले. कितीही ठरवले तरी नजर राजाकडेच जात होती. हातमोजे बदलण्याची वेळ आली, राजाने उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि बोटातली मोठी अंगठी उन्हात चमकली. शनिवारी ती कोणालाच दिसली नव्हती. राजाने मूठ मिटून हात झग्यात नेला. विल्यम्स मोज्याची शिवण तपासत होता.